आतली कडी

आधी ओळख सांगते. मी कडी. दाराच्या आतल्या अंगाला असते ना, आडवी सरकणारी, ती. बोटाएवढ्या जाड सळईची. आजवर मला एकच शब्द येत होता, 'खट्'. तो बोलून मी गप्प बसायचे. आज मात्र मला बोलायचंय आणि वेळ फार नाही, तेव्हा मधे कोणी तोंड घालू नका. गोड बोलणं मला जमत नाही, हेही ऐकून ठेवा.

जन्म नाशिकचाच. अंबडच्या एका शेडमध्ये सळईचे तुकडे पडले होते, त्यातला एक तुकडा म्हणजे मी. एका माणसानं मला भट्टीत लाल केलं, ऐरणीवर ठेवलं आणि घणानं असं बडवलं की विचारू नका. भोकं पाडली, काळा रंग फासला. एवढं सोसल्यावर मला वाटायचं, माराचं आपल्याला आता काही नवं नाही. कसलं काय. तो माणूस मला घडवायला मारत होता, आणि डबा खायची वेळ झाली की घण खाली ठेवत होता.

तिथून नाशिकच्याच द्वारका चौकातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात आले. बाहेर दिवसभर ट्रकचे हॉर्न आणि आत गिऱ्हाइकांची कटकट. माणसांची एक गंमत मी तिथंच पाहिली. कुलूप घ्यायला आले की दहा वेळा किल्ली फिरवून बघतील, कंपनी विचारतील, गॅरंटी विचारतील. आतली कडी म्हटलं की, "द्या हो कुठलीही." घराला भीती असते ती बाहेरून, आणि तीही आपण घरात नसताना, असं सगळ्यांनी ठरवूनच टाकलेलं.

वेदिका तशी नव्हती. सोळा वर्षांची, दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली, उन्हानं नाक सोललेलं. आल्या आल्या म्हणाली, "काका, सगळ्यात मजबूत कडी दाखवा."

"बाथरूमला का बेडरूमला?"

"घराच्या दाराला, आतून. बाहेरून कोणी लाथा घातल्या तरी हलली नाही पाहिजे."

दुकानदारानं चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "घरी सगळं ठीक आहे ना बेटा?"

"माझ्या घरी नाही लावायची," ती म्हणाली.

चार-पाच कड्या तिनं हातात घेऊन वाकवून बघितल्या. मी वाकले नाही. मग तिनं माझ्यासाठी दुकानातले सगळ्यात लांब स्क्रू मागितले. गिऱ्हाईक असावं तर असं, असं मला वाटून गेलं.

पेठच्या रस्त्यानं टेम्पोत बसून निघालो तेव्हा मला सगळं कळलं, कारण वेदिका आणि तिच्या वर्गातला बंटी मागं सिमेंटच्या गोण्यांवर बसून बोलत होते. वेदिका एकलहऱ्याची, वडील तिथल्या वीज केंद्रात कामाला. शेखर सर नावाचे त्यांचे एक शिक्षक सुट्टीत मुलांना घेऊन पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर आले होते. ज्यांच्या घराला हात लावायला कोणी नाही, त्यांची घरं ही मुलं पावसाळ्याच्या आत दुरुस्त करून देणार. मुक्काम पाड्यावरच्या शाळेत. सुरुवातीला नुसते फोटो चालले होते म्हणे. हाताला फोड आल्यावर फोटो थांबले आणि काम सुरू झालं.

"एवढी जाड कडी कशाला?" बंटीनं विचारलं.

"ललिताताईचा कान बघितलास? डूल ओढून फाडलाय. नवरा नाशिकला सेंट्रिंगच्या कामावर असतो. शनिवारी पिऊन येतो आणि मारतो. घराला दारच नाही रे, नुसती बांबूची ताटी. लाथ मारली की आत."

"मग आता?"

"आता दार आणि आतून कडी. येऊ दे शनिवारी. बसेल बाहेर बोंबलत."

खरं सांगते, ते ऐकून माझी छाती फुगली. खोक्यात पडलेल्या माझ्या बहिणी कुठल्या बाथरूमला लागणार, आणि मी एका बाईचा जीव राखायला चालले होते.

ललिताचं घर म्हणजे अर्धवट राहिलेलं काम. भिंती विटांच्या, वर फुटकी कौलं, दाराच्या जागी ती ताटी. मुलांनी कौलं उतरवून पत्रे चढवले, हुकांनी घट्ट आवळले, खिडकीला गज घातले. दार आलं नाशिकहून, कॉलेज रोडच्या कुणाच्या तरी फ्लॅटमधून काढलेलं सागवानी. वेदिकानं ते चौकटीत उभं केलं, पेन्सिलीनं खुणा केल्या आणि मला बसवलं. स्क्रू पिळताना तिचा तळहात सोलला तरी ती थांबली नाही.

दार बसतंय म्हटल्यावर बाया बघायला जमल्या. पुढं साळूबाई. समोरच्या घरातली म्हातारी, सगळ्या पाड्याची आजी. तिनं दारावरून हात फिरवला. "ललिते, तू तर नाशिकवाली झालीस," ती म्हणाली. शेजारची कमळाबाई म्हणाली, "आता आमाला आत घेशील का नाय गं?" सगळ्या हसल्या. ललिताही हसली, फाटक्या कानावर पदर ओढून. तिची मीना, दुसरीतली पोर, टाचा उंचावून मला पुढं-मागं करत राहिली. खट्, खट्. मला फार मजा वाटली.

आता एक गोष्ट नीट ऐका. त्या पाड्यावर एक रीत होती. कुणाच्या घरातून बाईचं ओरडणं आलं की साळूबाई उठायची. भांडायला नाही. ताटी ढकलून आत जायची आणि चुलीजवळ बसायची. मागून कमळाबाई, मग आणखी दोघी-तिघी. कोणी काही बोलायचं नाही. साळूबाई मिशरीची डबी काढून दात घासत बसायची. याला त्या म्हणायच्या 'बसायला जाणं'. घरात अशा बाया येऊन बसल्या की पुरुषाचा हात खाली यायचा. शिव्या देत तो बाहेर निघून जायचा. हिरामण, ललिताचा नवरा, दर शनिवारी असाच निघून जायचा. मार थोडक्यात आटपायचा. थोडक्यात म्हणजे कान फाटेपर्यंत, पण जिवावर कधी गेलं नव्हतं, कारण ताटी कोणालाही ढकलता यायची.

आणि दार बघायला जमलेल्या एकीलाही ते सुचलं नाही. साळूबाईला नाही, ललिताला नाही. वेदिकाला तर ही रीत ठाऊकच नव्हती. सगळ्या आनंदात होत्या. चहा झाला, मुलांनी दारापुढं उभं राहून पुन्हा एकदा फोटो काढला.

शनिवारी हिरामण आला. मी राक्षस बघायला टपले होते. पण तो आला दुपारी, शुद्धीत, मुलांसाठी कलिंगड घेऊन. सडपातळ, हसरा माणूस. शेखर सरांना वाकून नमस्कार केला. पत्र्याचा एक हुक ढिला राहिला होता, तो वर चढून त्यानं असा आवळला की बंटी बघतच राहिला. वेदिका गोंधळून गेली. माणूस समोर चांगला वागला की त्याच्याबद्दल ऐकलेलं खोटं वाटायला लागतं, तसं तिचं झालं. खाली उतरल्यावर त्यानं मला एका बोटानं सरकवलं आणि मागं घेतलं.

"लय भारी कडी हाय, ताई," तो म्हणाला. "कोनी मागितली?"

"मीच आणली," वेदिका म्हणाली.

"हां," तो म्हणाला आणि कलिंगड कापायला बसला.

संध्याकाळी मुलं शाळेकडे गेली. हिरामण खालच्या पाड्यावर जाऊन पिऊन आला. ललिता भाकरी थापत होती. ती उठून दार लावणार तोवर तो उंबऱ्यात येऊन बसलासुद्धा. बराच वेळ दाराकडे बघत राहिला.

"पाड्यात कोनाच्या घराला कडी नाय. तुलाच कशाला लागली?"

ललितानं चुलीत लाकूड सारलं.

"कोनाची भीती हाय तुला?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली.

"माझी ना? सगळ्या पाड्याला दाखवलंस, नवऱ्याच्या भीतीनं दार केलं म्हनून?"

तो उठला, दार लोटलं आणि मला सरकवलं. मला पहिल्यांदा कामाला लावलं ते त्यानं.

पुढचं सांगताना मी आडपडदा ठेवणार नाही. त्यानं तिला केसांना धरून उचललं आणि तोंडावर गुडघा मारला. तवा उलटला. चुलीतलं लाकूड उपसून त्यानं पाठीवर, मांडीवर, लागेल तिथं घालायला सुरुवात केली. ललिता ओरडली, नेहमीसारखी, बाहेर ऐकू जाईल अशी. मीना पाण्याच्या पिंपामागं शिरली आणि तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले.

बाहेर पावलं वाजली. साळूबाईची, मग बाकीच्यांची. साळूबाईनं दार ढकललं, ताटी ढकलायची तसंच. मी धरून ठेवलं. मला तेवढंच येतं. तिनं पुन्हा ढकललं. "ललिते?" ती म्हणाली.

हिरामण थांबला होता. लाकूड हातात, कान दाराकडे. इतक्या वर्षांची सवय, की आता त्या येणार आणि आपण निघायचं. दार हललं, पण उघडलं नाही. त्यानं दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. तेव्हा त्याच्या तोंडावर जे आलं ते मी गंजून माती झाले तरी विसरणार नाही. त्याला कळलं होतं की आज कोणी आत येऊ शकत नाही. मग तो खरा मारायला लागला.

वेदिका धावत आली. मागून शेखर सर, मुलं, पाड्यातले पुरुष. दारावर मुठी बसल्या, मग लाथा बसल्या. कोणी खांदा लावला. तिनं दुकानात मागितली होती तशीच कडी होते मी. हलले नाही. आतल्या आत मी स्वतःला एवढ्या शिव्या घातल्या, पण शिव्यांनी स्क्रू ढिले होत नाहीत.

"हिरामणदादा, दार उघडा," वेदिका म्हणत होती. "दादा, प्लीज, उघडा ना."

"ताई, घरातलं बोलनं चाललंय," तो धापा टाकत म्हणाला. "तुमी जेवून घ्या."

ललिता सरपटत माझ्यापर्यंत आली. हात वर केला. तिची बोटं मला लागली, ओली होती. तेवढ्यात त्यानं तिचं मनगट पकडून चौकटीवर आपटलं. हाड मोडलं तसा ओली काटकी मोडल्यासारखा आवाज आला. मग त्यानं तिचं डोकं धरून माझ्यावर आपटलं. माझ्या सळईवरून रक्त ओघळलं, गरम. दाराच्या पलीकडं वेदिका रडत होती आणि अलीकडं ललिताचं ओरडणं बंद झालं होतं.

तो दमला म्हणून थांबला. दुसरं काही कारण नाही. मला मागं सरकवून बाहेर पडला, आणि लाकूड हातात घेतलेल्या त्या माणसाला पुरुषांनी वाट करून दिली. बाया आत धावल्या. साळूबाई खाली बसली आणि तिनं ललिताचं डोकं मांडीवर घेतलं. "आमी आलो होतो गं," ती म्हणत राहिली. "आमी आलो होतो."

टेम्पोतून तालुक्याला नेलं. टाके पडले, मनगटाला प्लास्टर घातलं. डॉक्टरांनी विचारलं तर ललिता म्हणाली, पाय घसरला. पोलिसांचं नाव काढलं की ती मान हलवायची. दुसऱ्या दिवशी ती घरी परत आली. हिरामण खालच्या पाड्यावर भावाकडे पडून होता.

शेखर सरांनी मुलांना सामान भरायला सांगितलं. "हा त्यांच्या घरातला प्रश्न आहे," ते म्हणाले. "तुमच्यातल्या कुणाला काही झालं तर तुमच्या आईवडिलांना मी काय सांगू?" माणूस वाईट नव्हता. घाबरला होता, आणि घाबरलेली माणसं फार समजूतदार बोलतात.

वेदिका स्क्रू ड्रायव्हर घेऊन आली ती थेट माझ्याकडे. डोळे सुजलेले. एक स्क्रू काढला, दुसरा काढला. मला वाटलं, बरं झालं. काढा मला, फेका त्या दरीत.

"राहू दे ताई," ललिता अंथरुणावरून म्हणाली.

"माझ्यामुळं झालं हे. मी नसती आणली तर त्या आत आल्या असत्या."

"राहू दे म्हनते ना."

"ललिताताई, तो परत येईल."

"येईलच." ललिता भिंतीला धरून उठली. चेहरा एवढा सुजला होता की एकच डोळा उघडत होता. चांगल्या हातानं तिनं मला धरलं. "त्याला सरकवता येती, तर मला येत नाय का?"

वेदिकानं खाली पडलेले स्क्रू उचलले आणि पुन्हा घातले. या वेळी ललितानं एका हातानं दार धरून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेपुढं टेम्पो उभा राहिला, मुलं सामान चढवत होती. हिरामण येताना लांबून दिसला तशी ललितानं मीनाला आत घेतलं आणि मला लावलं. तिच्या हाताला मेथीचा वास होता. आयुष्यात पहिल्यांदा मला ज्या कामासाठी आणलं होतं ते काम मी करत होते.

आधी तो हसला. "ललिते, ऊन लय हाय. दार उघड." मग मुठीनं ठोकलं. मग लाथा. मी उभी. आडवी म्हणा हवं तर, पण त्या दिवशी मी उभी होते. मग त्यानं सरपणाच्या ढिगातली कुऱ्हाड उचलली. पहिला घाव सागवानात बसला आणि मी मुळापासून हादरले. आत मीनानं ओरडून आईच्या कमरेला मिठी मारली.

दुसरा घाव बसायच्या आत मला दाराच्या पलीकडं एक वजन टेकलेलं जाणवलं. हलकं, हाडकुळं. साळूबाई दाराला पाठ लावून बसली होती.

"आत बसता नाय येत," ती म्हणाली, "तर भायेर बसते."

कमळाबाई तिच्या शेजारी बसली. आणखी दोघी आल्या. मग टेम्पोजवळून वेदिका पळत आली. शेखर सर मागून हाका मारत होते, तिनं लक्ष दिलं नाही. ती पायरीवर साळूबाईच्या पायाशी बसली. साळूबाईनं डबी काढली आणि दात घासायला सुरुवात केली.

"उठ म्हातारे," हिरामण म्हणाला. साळूबाई उठली नाही. "उठ म्हनतो." ती दात घासत राहिली. त्यानं कुऱ्हाड उलटी फिरवली आणि बोथट तुंब्याकडून तिच्या दंडावर मारली.

दारातून तो मार माझ्यापर्यंत आला. साळूबाई ओरडली नाही, नुसता श्वास सोडला, आणि डबी पायरीवरून गडगडत गेली. त्यानं पुन्हा कुऱ्हाड उचलली. "ललिते, उघड, नायतर म्हातारी मेली समज."

ललिता खिडकीच्या गजांतून बघत होती. ती माझ्याकडे आली. मनात म्हटलं, बाई, उघडू नकोस, तो तुला जिवंत ठेवणार नाही. तिनं एका झटक्यात मला मागं ओढलं.

ती बाहेर गेली, मीना पदराला धरून. कमळाबाईनं पोरीला ओढून बाजूला केलं. ललिताच्या हातात काही नव्हतं. ती साळूबाईच्या आणि त्याच्या मधे उभी राहिली. त्यानं तिचे केस धरले आणि कुऱ्हाड वर नेली, आता सुलट्या बाजूनं. आणि वेदिकानं झेप घेतली. दोन्ही हातांनी तिनं ती कुऱ्हाड धरली, दांडा काय अन् पातं काय, जे हाताला आलं ते, आणि अंगाचं सगळं वजन टाकून लोंबकळली. तिच्या तळहातातून रक्ताची धार लागली तरी तिनं सोडलं नाही. दोघं पायरीवरून खाली कोसळली. कुऱ्हाड लांब जाऊन पडली.

मग त्या बाया उठल्या. आजवर बसल्या होत्या, त्या उठल्या. कमळाबाईनं आपल्या दारातलं मुसळ आणलं आणि पहिला ठोका त्याच्या गुडघ्यावर घातला. बाकीच्यांनी सरपण उचललं, दगड उचलले, एकीनं चप्पल. मारलं म्हणजे मारलं. कोणी शिवी दिली नाही, नुसते ठोके ऐकू येत होते. त्याचं नाक फुटलं, एक डोळा मिटला. शेखर सर "अहो, मरेल तो, थांबा" म्हणत मधे पडायला गेले, त्यांच्याही खांद्यावर एक बसली. ललिता मात्र मारत नव्हती. ती साळूबाईचा लोंबणारा हात धरून बसली होती.

हिरामण त्यांच्या पायांतून सरपटत निघाला. घर समोर होतं, दार उघडं होतं. तो आत घुसला, दार लोटलं आणि मला लावलं.

त्याचा हात घामानं दोनदा निसटला, तिसऱ्यांदा मी बसले. बाहेरून बायांनी दारावर धडका दिल्या, कुऱ्हाड आता कमळाबाईच्या हातात होती. दाराला पाठ लावून तो खाली बसला आणि लहान मुलासारखा हुंदके द्यायला लागला. "ललिते, सांग त्यांला," तो म्हणाला. "ललिते, मला मारतील या."

मी धरून ठेवलं. मनानं मी हजार वेळा मागं सरकले, पण मी कडी आहे, मला मन विचारत नाही कोणी. जो लावेल त्याच्याकडून मी उभी राहते. त्या क्षणी मला माझी किळस आली.

"बसा गं," साळूबाईचा आवाज आला. दुखण्यानं कापत होता. "जातो कुठं. बसा."

त्या दारापुढं बसल्या. वेदिकानं हाताला ओढणी गुंडाळली आणि बंटीच्या मोबाइलवरून पोलिसांना फोन लावला. गाडी येईपर्यंत दुपार कलली. गाडीचा आवाज ऐकून हिरामणनंच मला उघडलं. पोलीस दिसल्यावर आनंद झालेला माणूस मी पहिल्यांदा बघितला. त्या दिवशी मात्र ललितानं सगळं सांगितलं, अंगठा न लावता सही केली.

वेदिकाला नेमके किती टाके पडले ते मला कळलं नाही. तिचे वडील एकलहऱ्याहून आले आणि तिला घेऊन गेले. ती रोज संध्याकाळी ललिताला फोन करते. "कडी लावलीस ना?" हे तिचं पहिलं वाक्य असतं. साळूबाईचा हात अजून गळ्यात आहे. ती नाशिकला लेकीकडे आहे, हाड जुळेपर्यंत तिथंच.

आणि आता आजचं, ज्याच्यासाठी मी तोंड उघडलं. हिरामण जामिनावर सुटलाय. आज सगळा पाडा भाताच्या लावणीला खाली ओढ्याकडे गेलाय, हाक मारली तरी ऐकू जाणार नाही एवढ्या लांब. मीना शाळेत आहे. मनगटात जोर नाही म्हणून ललिता घरात राहिली, आणि तो आलाय. लाथ मारली नाही. ठोकलंसुद्धा नाही. पायरीवर बसून हळू आवाजात बोलतोय.

"ललिते, दारू सोडली मी. मीनाची शपथ."

ललिता दाराजवळ उभी आहे.

"दोन दिस झाले, पोटात काय नाय. भाकर नको, नुसतं पानी दे."

ती रडतेय. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून पदर तोंडात धरलाय.

"आत्ताच साळूआजीच्या पाया पडून आलो. आजी म्हनली, जा, नांदा सुखानं."

साळूबाई नाशिकला आहे. हे मला ठाऊक आहे, ललिते, तुलाही ठाऊक आहे. परवाच तू तिच्याशी फोनवर बोललीस. तरी तुझा हात माझ्यावर आलाय, आणि तो आता नुसता टेकलेला नाही, बोटं आवळली जातायत.

तुझी ओढ मला कळत नाही असं नाही. तो हुक आवळणारा, कलिंगड कापणारा माणूसही तोच होता, तुला त्याचाच आवाज ऐकू येतोय. पण तुझं डोकं आपटलं होतं ते माझ्यावर. मी लोखंड असून ते विसरू शकले नाही.

फोन चुलीवरच्या फळीवर आहे. तिथं जा, वेदिकाला लाव, कमळाबाईच्या पोराला लाव, पोलिसांना लाव. त्याला तहान लागली असेल तर ओढा आहे. रडत असेल तर रडू दे, ती माणसं येईपर्यंत.

तू ओढलंस तर मला सरकावंच लागेल. नाही म्हणायची सोय मला कोणी दिलेली नाही. म्हणून आत्ताच सांगते, ऐक. ललिते, हात काढ.